रबराचे पान



आमच्या गोठ्यात गव्हाणीच्या फळीवर रबराचा एक गोल तुकडा ठोकलेला आहे. ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबमधून कापून काढलेला, भाकरीएवढा. येणारा पाहुणा विचारतो, हे कशाला? पहाटे कारभारीण धारेला बसते आणि मी त्या रबरावर दोन काठ्यांनी अर्धा तास बडवत असतो. पहिले आठ दिवस म्हशीने पान्हा चोरला. त्यावरून घरात जे बोलणे झाले ते या पानावर छापण्यासारखे नाही. आता मात्र काठ्या वाजल्या नाहीत तर म्हैसच मान वळवून बघते.

मागे एकदा या सदरात मी ‘स्कॉटलंडात जाऊन ड्रम वाजवून आलो’ एवढे एकच वाक्य लिहिले आणि लगेच कांद्याच्या चाळीकडे वळलो. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी नुसती थट्टा केली. एका भगिनीने मात्र लिहिले, की अर्धी गोष्ट सांगून उठणारा माणूस पंगतीतून अर्धे जेवून उठणाऱ्यासारखा असतो, त्याला पुन्हा कोणी बोलावीत नाही. तेव्हा आज सबंध सांगतो. गोष्ट ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या एका वर्षाची आहे.

आमची थोरली लेक आणि जावईबापू नोकरीनिमित्त स्कॉटलंडात आहेत. ग्लासगो शहराच्या दक्षिणेला आयरशायर नावाचा मुलूख आहे, तिथल्या एका लहानशा गावात त्यांचे बिऱ्हाड. ज्यांच्या तोंडी गाईंच्या जातींची नावे असतात त्यांना आयरशायर गाय ठाऊक असेल, ती तिथलीच. लेकीचे बाळंतपण करायला कारभारीण निघाली आणि तिच्या सोबतीला मी. पाहुण्याच्या व्हिसावर एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही, म्हणून त्या वर्षात आमच्या दोन खेपा झाल्या. मधल्या काळात घरी येऊन उन्हाळा काढला आणि खरिपाची पेरणी उरकली.

नोव्हेंबरात नातू झाला. बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसाला काम ते किती? शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, सगळे कारभारणीच्या ताब्यात. बाहेर पडावे तर डिसेंबरात तिकडे सकाळी पावणेनऊला उजाडते आणि दुपारी पावणेचारला दिवस मावळतो. वर झिमझिम पाऊस. शेतकरी माणूस अशा वेळी खिडकीतून दुसऱ्याचे शेत बघत बसतो. मीही बसलो. समोरच्या कुरणात मेंढ्या चरत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या पुठ्ठ्यावर रंग. कुणाचा लाल, कुणाचा निळा. मला वाटले मालकाची खूण असेल. खरा प्रकार पुढे कळला, तो सांगतोच.

एका गुरुवारी संध्याकाळी दूध आणायला गेलो तर चर्चच्या मागच्या सभागृहातून आवाज आला. काठ्यांचा. मी रस्त्यात उभाच राहिलो.

मंडळी, मी सतरा वर्षे पलटणीत होतो आणि त्यांतली बारा पाइप बँडात साइड ड्रम वाजवला. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावरचा बँड ज्यांनी पाहिला असेल त्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. पुढे पाइपवाले, मागे ड्रम. इंग्रजी अमलात स्कॉटिश पलटणी इकडे आल्या, त्यांचे पाइप आपल्या पलटणींनी उचलले. राज्य गेले, पाइप राहिले. दर २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटला त्यांचा आवाज घुमतो. वाद्ये आपल्याकडे मेरठला बनतात, सीमेपलीकडे सियालकोटला. आणि बँडवाला म्हणजे नुसता वाजवणारा नव्हे. लढाईच्या वेळी जखमींचे स्ट्रेचर उचलायचे काम त्याचेच. असो.

दार ढकलून आत गेलो. एका लांब टेबलाभोवती सातआठ जण बसलेले, प्रत्येकासमोर रबराची गोल पाटी, हातांत काठ्या. ड्रम एकही नाही. टेबलाच्या तोंडाशी पंचविशीतली एक मुलगी. ती इलेक्ट्रिशियनचे काम करते हे नंतर समजले. पथकातल्या ड्रमवाल्यांची पुढारी तीच. मी मोडक्या इंग्रजीत पलटणीचे नाव सांगितले, बारा वर्षे वाजवल्याचे सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या, मला खुर्ची दिली, काठ्या दिल्या. मनात म्हटले, आता दाखवतो.

तिने मला डावा-उजवा, डावा-उजवा, एकेरी ठोके सावकाश वाजवायला सांगितले. मिनिटभर ऐकले. मग शेजारच्या लहान टेबलाकडे बोट केले. तिथे दहा-बारा वर्षांची चार पोरे बसली होती. तिथून सुरुवात करायची, म्हणाली.

घरी येऊन मी कारभारणीला काही सांगितले नाही. पुढच्या गुरुवारी मात्र वेळेच्या आधी दहा मिनिटे पोचलो आणि पोरांत बसलो.

कारण मला कळले होते की चूक कुठे आहे. आमच्या वेळच्या ड्रमला कातड्याचे पान असे. हवेत दमटपणा आला की ते ढिले पडे. आपला हलगीवाला वाजवण्याआधी हलगी जाळावर धरतो, त्याचे कारण हेच. ढिल्या पानावर पाप झाकते. एक ठोका हलका पडला, एक जड पडला, तरी घुमाऱ्यात मिसळून जातो. आताच्या साइड ड्रमला केव्हलर नावाच्या धाग्याचे पान असते, गोळी अडवणारी जाकिटे ज्याची करतात त्याच धाग्याचे. ते इतके ताणतात की ठोका टेबलाच्या फळीवर पडावा तसा कोरडा वाजतो. त्यावर काही लपत नाही. आठ जण वाजवीत असतील तर आठांचा मिळून एकच ठोका ऐकू आला पाहिजे. अर्ध्या केसाने कुणी पुढे गेला की वाळल्या शेंगा तडकल्यासारखे वाजते.

दुसरी अडचण वाचण्याची. आम्ही पलटणीत कानाने शिकलो. इथे प्रत्येक गतीचा कागद. एक आडवी रेघ, उजव्या हाताचे ठोके रेघेच्या वर, डाव्या हाताचे रेघेच्या खाली. ही पद्धत स्वित्झर्लंडातल्या बाझल गावच्या डॉ. फ्रिट्झ बर्गर यांची. स्कॉटलंडात ॲलेक्स डथर्ट (१९२५–१९८६) नावाचा मोठा ड्रमवादक होऊन गेला. त्याने स्विस वादनातले पुष्कळ काही उचलून पाइप बँडच्या ड्रमला नवे वळण दिले. आजही तिथली पोरे त्याचे नाव घेताना खुर्चीत जरा सरळ बसतात. कागदावर डावे-उजवे असे वेगळे मांडले की माणसाला आपला डावा हात पहिल्यांदा दिसतो. माझा डावा, बारा वर्षे पलटणीत आणि नंतर वीस वर्षे विळा-खुरप्याच्या सोबतीत, नुसता उजव्याच्या मागून फरफटत आला होता.

आता मित्राकडे येतो.

मोठ्या टेबलावर माझ्याच वयाचा एक गृहस्थ बसे. लालबुंद चेहरा, हात फावड्यासारखे. मी पोरांच्या टेबलावर बसलो त्या पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला, माझे तळवे उलटे करून बघितले आणि स्वतःचे पुढे केले. घट्टे जुळले. समोरच्या कुरणातल्या मेंढ्या त्याच्या. साडेतीनशे. त्याचे बोलणे मला चार आण्यांतले एक आणा कळे. ‘हो’ म्हणायचे असले की तो ‘आय’ म्हणे. तिकडे तशीच रीत आहे. पहिल्यांदा तो घरी चहाला आला तेव्हा कारभारणीने चार प्रश्न विचारले, त्याने चारही वेळा ‘आय’ म्हटले. तो गेल्यावर ती म्हणाली, “बिचाऱ्याची आय वारली वाटतं, सारखी आठवण काढतोय.”

पुठ्ठ्यावरच्या रंगाचे कोडे त्यानेच सोडवले. मेंढ्या फळायच्या हंगामात तो नराच्या छातीला रंगाची वडी बांधतो. नर ज्या मेंढीवर जाईल तिच्या पुठ्ठ्यावर रंग उठतो. साधारण सतरा दिवसांनी वडीचा रंग बदलायचा, म्हणजे मेंढीच्या माजाचे एक चक्र झाले. लाल रंगाच्या आधी विणार, निळ्या रंगाच्या नंतर. पाच महिन्यांनी रात्री उठून कोणत्या कळपाकडे आधी बघायचे ते रंगावरून ठरते. मेंढ्या पाळणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, खर्च काही नाही.

लोकरीचे त्याने सांगितले ते ऐकून मात्र वाटले, मुलूख बदलला तरी शेतकऱ्याचे रडगाणे तेच. लोकरीला येणारा भाव कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाही. तरी कातरावे लागते, नाहीतर उन्हाळ्यात मेंढीच्या अंगात अळ्या पडतात. आपल्याकडच्या धनगरांना विचारा, काळ्या लोकरीची गत वेगळी नाही.

२५ जानेवारीला त्यांच्या कवीची, रॉबर्ट बर्न्सची, जयंती असते. हा कवी १७५९ साली त्याच आयरशायरात शेतकऱ्याच्या पोटी जन्मला आणि स्वतः नांगर धरला. त्या रात्री गावोगाव जेवणे होतात. पुढे पाइपवाला वाजवीत चालतो आणि मागून ताटात हॅगिस येते. मेंढीचे काळीज, फुप्फुस, ओटचे पीठ, कांदा, सगळे पोटाच्या पिशवीत भरून शिजवलेले. आपल्या वजडीचे चुलत भावंड म्हणा. मी दोनदा वाढून घेतले. कारभारणीला त्यांनी आठवणीने बिनमटणाचे दिले.

मार्चच्या मध्याला मेंढ्या विऊ लागल्या. मित्राचा मुलगा शहरात नोकरीला, शेतीकडे यायचे त्याचे मन नाही. नवरा-बायको दोघेच. मी म्हटले, मला झोप कमीच येते, रात्रीचा पहारा माझ्याकडे द्या. पंधरा रात्री मी त्याच्या गोठ्यात काढल्या. शेळ्या-म्हशींची सवय होती, फार शिकावे लागले नाही. एक गोष्ट मात्र विसरणार नाही. एका मेंढीचे कोकरू मेले आणि त्याच रात्री दुसरीला तीन झाली. तिघांना पुरेल इतके दूध आईला नसते. मित्राने मेलेल्या कोकराचे कातडे सोलले आणि तिसऱ्या कोकराच्या अंगात बंडीसारखे घातले. मेंढीने हुंगले, दोनदा ढुशी दिली, तिसऱ्यांदा हुंगले आणि सडाखाली घेतले. आपल्याकडे पारडू मेले की कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे धरतात, ते मी त्याला हातवारे करून सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग ‘आय’ म्हणाला.

त्या रात्री चहा पिताना स्वयंपाकघराच्या टेबलावर मी त्याला बोटांनी ताशा वाजवून दाखवला. बारीक काठ्यांची ती तर्री, मधेच ढोलाचा टोल. त्याने चमचे घेतले आणि मागून धरायचा प्रयत्न केला. त्याला काही केल्या जमेना, कारण तो मोजत होता. पहाटेपर्यंत जमले. त्याच्या बायकोने जिन्यावरून काहीतरी म्हटले. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला, सगळ्या घरांत तेच म्हणतात.

मार्चअखेर परत आलो. तोवर मला मोठ्या टेबलावर जागा मिळाली होती आणि पुढारी मुलीने सांगितले होते, की उन्हाळ्यात येणार असाल तर स्पर्धेसाठी तुमचे नाव नोंदवते. इथून मग गोठ्यातले रबर सुरू झाले. दर रविवारी मी फोनवर वादन भरून मित्राला पाठवी. त्याचे उत्तर दोन शब्दांचे, ‘छान चाललंय.’ पाऊस जूनच्या अखेरीपर्यंत लांबला होता. त्या वर्षी सगळीकडेच पेरण्या खोळंबल्या, तुम्हांला आठवत असेल. आभाळाकडे बघून जीव कासावीस झाला की मी रबरावर बसे. पेरणी झाली, उगवण बघितली आणि जुलैत पुन्हा निघालो.

स्पर्धांविषयी थोडे सांगतो. स्कॉटलंडात पाइप बँडच्या स्पर्धा जुन्या. डनून गावच्या काउल मेळाव्यात १९०६ पासून त्या होऊ लागल्या. १९३० साली पथकांची संघटना झाली आणि १९४७ पासून रीतसर जागतिक स्पर्धा मोजतात. त्या काळी बरीचशी पथके कोळशाच्या खाणीवरच्या कामगारांची असत, आज शाळामास्तर, नर्स, सुतार, शेतकरी, कॉलेजची मुले, सगळे असतात. पथकांच्या श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीतले वादन ऐकून अंगावर काटा येतो. आमचे पथक चौथ्या श्रेणीतल्या खालच्या भागात, म्हणजे मोठ्या माणसांसाठी त्याखाली पायरीच नाही. पथक रेघेवर उभे राहते, हुकूम होतो, ड्रमचे दोन रोल झडतात, पाइप उठतात आणि सगळे चालत जाऊन वर्तुळ करतात, तोंडे आत. परीक्षक चार. दोन पाइपचे, एक ड्रमचा, एक सगळ्यांच्या मिळून मेळाचा. ते कागद घेऊन वर्तुळाभोवती फिरतात. तीन-चार मिनिटांचा खेळ, त्यासाठी सबंध हिवाळा.

जुलैअखेरीस डंबार्टनला स्कॉटिश स्पर्धेत मी पहिल्यांदा वर्तुळात उभा राहिलो. गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, कमरेला किल्ट. कारभारीण बघून हसली नाही, त्याबद्दल तिचे आभार. वाजले. मला वाटले बरे वाजले. संध्याकाळी परीक्षकांचे शेरे मिळाले. ड्रमच्या कागदावर लिहिले होते, की ओळीच्या टोकाला एक हात सारखा पुढे धावतो आणि त्याने सगळ्यांचा रोल फाटतो. टोकाला मी होतो.

कुणी काही बोलले नाही. पुढारी मुलीने कागद घडी करून खिशात ठेवला. मित्राच्या गाडीतून परत निघालो. गाव जवळ आले तेव्हा त्याने एका शेताच्या फाटकाशी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले. मला कळावे म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “तुझा डावा हात आहे तो. एप्रिलपासून ऐकतोय मी. तू पाठवायचास त्यात पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.”

मी म्हटले, “मग ‘छान चाललंय’ कशाला लिहिलंस?”

“तू इतका लांब होतास. आणि इतका खूश.”

मी गाडीतून उतरलो आणि राहिलेला मैल चालत गेलो.

तीन दिवस मी त्याच्याकडे फिरकलो नाही. घरात धुसफुसत होतो. चार महिने, मंडळी! चार महिने सकाळ-संध्याकाळ मी चूक घोटत होतो आणि हा ऐकून न ऐकल्यासारखे करत होता. पहिल्याच आठवड्यात सांगितले असते तर हात सुधारला असता. आता जागतिक स्पर्धेला जेमतेम तीन आठवडे. मी हे सगळे कारभारणीपुढे ओकलो. ती नातवाला झोके देत होती. झोका न थांबवता म्हणाली, “अहो, आणि वीस साली तुम्ही काय केलंत?”

वीस साली म्हणजे २०२० च्या खरिपात. त्या वर्षी सोयाबीन उगवलेच नाही म्हणून किती तक्रारी झाल्या, ते विसरला नसाल. मी माझे घरचे बी पेरणार होतो. गोणपाट ओले करून त्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते, ऐंशीवर कोंब आले होते. आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने विकतची पिशवी आणली होती. मूठभर बी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “दादा, कसं वाटतंय?” बऱ्याच दाण्यांची साल चिरलेली होती, मला दिसली. पण त्याने उसने पैसे काढून पिशव्या आणल्या होत्या, बैल जुंपले होते, त्याच्या पोरीच्या हातांत नारळ होता. अशा वेळी कुठे तोंड घालावे? मी म्हटले, “बरं दिसतंय.” त्याला दुबार पेरणी करावी लागली. त्याने मला कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आज इथे लिहितो आहे. तो हे साप्ताहिक घेतो.

चौथ्या दिवशी मित्राकडे गेलो. तो मेंढ्यांचे खूर कापत होता. मी न बोलता मेंढी धरली. सात-आठ मेंढ्या झाल्यावर तो म्हणाला, की तो स्वतः तीन वर्षे असाच बाहेर बसला होता, कारण उजव्या हाताने तो नेहमी जड मारायचा, आणि त्याला ते त्याच्या बायकोने सांगितले, पथकातल्या एकानेही नाही. त्याच संध्याकाळी मी पुढारी मुलीकडे जाऊन सांगितले, की जागतिक स्पर्धेला मी वर्तुळात उभा राहणार नाही. तिने आढेवेढे घेतले नाहीत. ‘थँक यू’ म्हणाली आणि विचारले, पाण्याच्या बाटल्या आणि पावसाची झाकणे सांभाळाल का? त्या पोरीने दुसरे काही म्हटले असते तर मला वाईट वाटले असते.

ऑगस्ट २०२३. जागतिक स्पर्धा ग्लासगो ग्रीन नावाच्या मैदानावर होते, १९८६ पासून दरवर्षी ग्लासगो शहरातच, मधली कोरोनाची दोन वर्षे सोडून. क्लाइड नदीच्या काठचे हे मैदान म्हणजे शहराचे जुने गायरान. १४५० साली राजाने ते तिथल्या बिशपाला दिले. पूर्वी लोक तिथे गुरे-मेंढ्या चारीत, धुणे वाळत घालीत. धुण्याच्या दोऱ्या बांधायचे लोखंडी खांब अजून उभे आहेत, मी हात लावून आलो. दीडशेच्या वर पथके. जिकडे बघाल तिकडे कोणी तरी झाडाखाली पाइप सुरात लावतो आहे, कोणी काठ्या घोटतो आहे. पाइपचे सूर नऊच, पण हजारो पाइप एकदम सूर लावू लागले म्हणजे पोळ उठल्यासारखे होते.

आमच्या पथकाचा नंबर सकाळीच लागला. मी दोरीमागे उभा. काखेत सहा झाकणे, पायाशी बाटल्यांचा क्रेट. मित्र ओळीच्या टोकाला, माझ्या जागी. हुकूम झाला, रोल झडला.

तो फाटला नाही. एकाच धाग्याने विणल्यासारखा सरळ आला. मी बारा वर्षे ओळीत उभे राहून वाजवले, पण समोर उभे राहून असे कधी ऐकले नव्हते. आत असताना माणूस आपला हात ऐकतो. टेनर ड्रमवाल्या मुली गोंडेदार काठ्या डोक्यावरून फिरवीत होत्या, बास ड्रमचा टोल पोटात बसत होता आणि साइड ड्रम आठ नव्हते, एकच होता. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई छत्री घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघून विचारले, तुझे पथक का? मी म्हटले, ‘आय.’

अंतिम फेरीत आम्ही गेलो नाही. पाइप शेवटी थोडे मागे-पुढे थांबले म्हणे. पण ड्रमचा नंबर डंबार्टनपेक्षा बराच वर आला. संध्याकाळी सगळ्या पथकांचे संचलन, निकाल, एकच गर्दी. ते सगळे उरकून गाड्यांच्या तळावर आलो तर तिथे प्रत्येक पथकाचे वेगळे वाजवणे चाललेले, परीक्षक नाहीत, कागद नाहीत. पुढारी मुलीने आपला ड्रम गळ्यातून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. मित्राकडे बघून म्हणाली, त्या स्वयंपाकघरातल्याचे काय ते होऊ द्या.

मी ताशाची तर्री लावली. ताणलेल्या केव्हलरवर तर्री अशी उठते की आपल्या पुण्या-सांगलीच्या ताशेवाल्यांना सांगावेसे वाटले, बाबांनो, एकदा हे पान लावून बघा. मित्राने बास ड्रम ओढला आणि टोल दिला. या वेळी तो मोजत नव्हता. शेजारच्या गाडीवरचे कॅनडावाले आले, कुठल्या तरी पथकाची शाळकरी पोरे आली. कोणाला गत ठाऊक नव्हती, तरी चार आवर्तनांत सगळे धरले गेले. डावा हात धावत होता की नव्हता, मला सांगता यायचे नाही. कारभारीण नातवाला कडेवर घेऊन टाळ्यांनी ठेका देत होती. नातू घाबरून रडला तेव्हा थांबलो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला घरी आलो. तूर फुलाच्या आधी फवारणीला आली होती, सामानही न सोडता पंप उचलला.

त्यानंतर आजतागायत दर रविवारी फोन चालू आहे. आता तोही पाठवतो आणि मीही. माझ्या वादनावर तो तीन-तीन ओळी लिहितो. डावे मनगट ताठ आहे, चौथा ठोका पोकळ आहे, असे. वाचताना कान गरम होतात, पण दुसऱ्या दिवशी पहाटे म्हैस साक्षीला असते. गेल्या रविवारी त्याचे वादन आले. नवीन गत, अवघड. मी तीनदा ऐकले, कारभारणीलाही ऐकवले. तिचे आणि माझे एकमत झाले. मग लिहून पाठवले, “उजवा हात पुन्हा जड पडतोय.”

अजून उत्तर आलेले नाही. तिकडे मेंढ्या विण्याचे दिवस आहेत.